राहील त्याचा किनारा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती. वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी काढली, तिच्यातले कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तू कॉलेजात जातेस ना? मग हे वाच आणि यात काय लिहिलंय ते सांग. आम्ही आपले सही कुठे करायची तेवढंच बघतो."

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे बँकेचे पत्र असो की रेशनचा अर्ज, तो माझ्याकडे येतो. परंतु या वेळचे कागद निराळे होते. सातबाराचे दोन उतारे, एका फेरफाराची नक्कल आणि साठेखताचा मसुदा. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून आमचे गाव आहे. सुरूच्या बनामागे आमची वीस गुंठे वाडी आहे. ती विकत मागितली होती. भाव गुंठ्याला चार लाख. म्हणजे ऐंशी लाख रुपये! आजी, वडील, धाकटे काका आणि दोन आत्या असे सातबारावर पाच हिस्सेदार. प्रत्येकी सोळा लाख. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षे पाळ्या करून आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहून माझ्या वडिलांनी एवढी रक्कम एका जागी कधी पाहिलेली नाही. या पैशात थोडे कर्ज घातले की बदलापूरला स्वतःची जागा होईल, हा त्यांचा हिशेब अगदी सरळ होता.

मी कागद वाचले. खरेदीदार म्हणून मुंबईच्या एका गृहस्थाचे नाव होते. परंतु दलाल प्रत्येक वेळी फोनवर "अमेरिकेतले साहेब" असे म्हणत असे. मी वडिलांना विचारले, "साहेब अमेरिकेत, मग कागदावर दुसऱ्याचेच नाव कसे?" वडील म्हणाले, "ते त्यांचे चुलत भाऊ. आपल्याला काय करायचंय? पैसे मिळाल्याशी कारण."

त्या 'काय करायचंय'मधून हा लेख जन्माला आला आहे.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (ज्याला सगळे 'फेमा' म्हणतात) आणि त्याखालचे नियम सांगतात की परदेशात राहणारा परकी नागरिक भारतात स्थावर मालमत्ता विकत घेऊ शकत नाही. मूळचा भारतीय असेल, त्याच्याकडे ओ.सी.आय. कार्ड असेल, तर त्याला फ्लॅट घेता येतो, दुकानाचा गाळा घेता येतो. परंतु शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस या तीन गोष्टी त्याला विकत घेता येत नाहीत. आमची वाडी सातबारावर शेतजमीन आहे. म्हणजे साहेबांना ती स्वतःच्या नावावर घेता येत नाही. म्हणून पैसा त्यांचा आणि नाव भावाचे. पुढे जमीन बिनशेती झाली, बंगला उठला, की मग ती नावावर करून घ्यायची. आपल्या भाषेत याला एक जुना, नेमका शब्द आहे: बेनामी. १९८८ साली त्याविरुद्ध कायदा झाला आणि २०१६ साली तो इतका कडक करण्यात आला की मालमत्ता जप्त होऊ शकते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरीही होऊ शकते. दलालाने यातले काहीही वडिलांना सांगितले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

याच सुमारास राज्यशास्त्राच्या तासाला मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेचा उल्लेख झाला. शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे हक्क घटनेत लिहून ठेवणारी ती जगातील पहिल्या घटनांपैकी एक, असे सरांनी सांगितले. तिचे सत्ताविसावे कलम जमिनीबद्दल आहे. मी ग्रंथालयात बसून त्याबद्दल वाचले आणि चकित झाले. या कलमात स्पष्ट म्हटले आहे की देशाच्या सीमेपासून शंभर किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून पन्नास किलोमीटर एवढ्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी कोणत्याही कारणाने मिळणार नाही. इतरत्र जमीन घ्यायची असेल तर त्याने परराष्ट्र खात्यापुढे लिहून द्यायचे की, 'या जमिनीपुरता मी स्वतःला मेक्सिकन समजेन, माझ्या देशाच्या सरकारकडे दाद मागणार नाही; मागितली तर जमीन राष्ट्राची होईल.'

इतका कडकपणा कशासाठी? तर मेक्सिकोने एकदा ठेच खाल्ली होती. १८२० नंतरच्या दशकात टेक्सास हा मेक्सिकोचा प्रांत होता. तेथे वस्ती विरळ, म्हणून शेजारच्या अमेरिकेतील लोकांना स्वस्तात जमिनी देऊन वसवण्यात आले. पाहता पाहता ते संख्येने भारी झाले. १८३६ साली त्यांनी टेक्सास स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले, १८४५ साली तो अमेरिकेत सामील झाला आणि पुढच्या युद्धानंतर १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला. ज्याला आपण ओटीवर जागा दिली त्याने माजघर बळकावावे, तशी ही गत. तेव्हा पन्नास किलोमीटरची ती रेघ कायदेपंडितांच्या लहरीतून आलेली नाही; ती जखमेची खूण आहे.

परंतु खरी गंमत पुढे आहे. आज मेक्सिकोच्या किनाऱ्यावर परदेशी माणसांची घरे नाहीत असे कोणाला वाटेल? प्रत्यक्षात ती असंख्य आहेत. कानकून हे शहर तर १९७० नंतर सरकारनेच पर्यटनासाठी वसवले. कायद्यात खिडकी ठेवण्यात आली. जमिनीची मालकी कागदोपत्री एखाद्या मेक्सिकन बँकेकडे विश्वस्त म्हणून राहते आणि परदेशी माणूस त्या विश्वस्त निधीचा लाभार्थी होतो. तो तेथे राहू शकतो, भाड्याने देऊ शकतो, विकू शकतो, वारसाला देऊ शकतो. १९९३ च्या कायद्याने ही मुदत पन्नास वर्षांची झाली, आणि ती वाढवूनही मिळते. मालक बँक, उपभोग परक्याचा! २०१३ साली तर राहत्या घरांपुरती ही अटच काढून टाकावी असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव तेथील कनिष्ठ सभागृहाने मंजूर केला होता. तो वरिष्ठ सभागृहात अडला म्हणून रेघ टिकली.

आणि ज्यांना बँकेचा खर्च किंवा कटकट नको असते ते तिसरी वाट धरतात. एखाद्या मेक्सिकन माणसाच्या नावावर जमीन घेतात. अशा माणसाला तेथे 'प्रेस्तानोम्ब्रे' म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'नाव उसने देणारा'. हा अर्थ वाचला तेव्हा मला एकदम आमच्या साठेखतावरील चुलत भाऊ आठवले. सातासमुद्रापलीकडे, निराळ्या भाषेत, निराळ्या कायद्याखाली, पण युक्ती तीच! तेथेही ती बेकायदेशीर आहे, आणि नाव देणाऱ्याची नियत फिरली तर परदेशी माणूस हात चोळत बसतो. सामायिक मालकीच्या ग्रामजमिनी (त्यांना तेथे 'एहिदो' म्हणतात) गोऱ्या लोकांना परस्पर विकून फसवल्याचे प्रकारही तेथे घडलेले आहेत.

यावरून माझ्या मनात एक प्रश्न आला. मेक्सिकोचा कायदा असो की आपला 'फेमा', दोन्ही विचारतात, 'तुझे नाव काय? तुझा पासपोर्ट कोणता?' एवढेच विचारले तर उत्तर देणे सोपे असते. नाव उसने मिळते. मग कायद्याने खरोखर विचारायला हवे असे काही राहून जाते आहे काय?

आपल्या महाराष्ट्राने हा प्रश्न एकेकाळी निराळ्या रीतीने विचारला होता, आणि तोही याच किनाऱ्यावर. अलिबाग तालुक्यातील चरी या गावचा शेतकऱ्यांचा संप आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तो ठाऊक नव्हता. १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे खोतांच्या जुलमाविरुद्ध चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी जमिनी कसण्यास नकार दिला. उपासमार सोसली, लाकडे विकली, परंतु नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक मानले गेले. 'कसेल त्याची जमीन' या तीन शब्दांत केवढा विचार आहे पाहा! येथे कोणी नाव विचारले नाही, जात विचारली नाही, पासपोर्ट विचारला नाही. विचारले ते एवढेच, की या मातीत हात कोणाचे आहेत?

त्याच कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमाने असेही ठरवले की जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. हेतू किती चांगला! परंतु झाले काय? 'शेतकरी' हीही कागदावरची जात होऊन बसली. ज्याच्या आजोबांच्या नावे साताऱ्यात किंवा नगरला चार गुंठे आहेत, तो मुंबईत विसाव्या मजल्यावर राहत असला तरी दाखल्यापुरता शेतकरीच, आणि तो श्रीवर्धनला वाडी घेऊ शकतो. आमच्या साठेखतातले चुलत भाऊ असेच शेतकरी आहेत. त्यांनी पोफळीचे झाड ओळखून दाखवावे, मी हा लेख मागे घेईन.

ज्या अलिबागच्या मातीत चरीचा संप झाला, त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर आज उंच भिंतींमागे बंगले आहेत, आणि वर्षातील बहुतेक दिवस त्यांना कुलूप असते. संपकऱ्यांच्या नातवंडांपैकी काही जण त्या बंगल्यांचे राखणदार आहेत. खोत गेला, कूळ मालक झाले, मालकाने जमीन विकली आणि नातू पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभा राहिला. तीन पिढ्यांत चाक पूर्ण फिरले.

मग काय, 'बाहेरच्यांना हाकला' असे मला म्हणायचे आहे काय? अशी आरोळी ठोकणे सोपे आहे आणि टाळ्याही मिळतात. परंतु मी ज्या गावात शिकते त्या गावात ती आरोळी ठोकायला जीभ वळत नाही. आपले उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उभारलेली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांना तिच्या बराकींत जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही आपण 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच पत्ते सांगतो. माझ्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण सिंधी आहे. तिचे पणजोबा कराचीहून आले तेव्हा त्यांच्याकडे ना सातबारा होता ना दाखला. एका बराकीत पडदे लावून चार कुटुंबे राहिली. पणजोबांनी लोकलमध्ये पापड-बिस्किटे विकली, आजोबांनी शिलाईयंत्र घेतले, वडिलांचे आज दुकान आहे. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळेच करतो; पण त्या विनोदामागे शून्यातून उभे राहिलेले एक अख्खे शहर आहे. या लोकांना 'बाहेरचे' म्हणायचे? ज्यांचे जन्म येथे, लग्ने येथे, आणि चिताही उल्हास नदीच्या काठी, ते जर बाहेरचे तर आतले कोण?

आणि मी तरी अंबरनाथची कोठली? माझे वडीलही श्रीवर्धनहून येथे पोट भरायलाच आले.

म्हणून मला वाटते, बाहेरचा आणि आतला हा भेद जन्माने ठरत नाही, पासपोर्टने ठरत नाही आणि तलाठ्याच्या दाखल्यानेही ठरत नाही. तो राहण्याने ठरतो. जो गावात राहतो, गावच्या विहिरीचे पाणी पितो, ते आटले की चिंतेत पडतो, ज्याची मुले गावच्या शाळेत जातात, ज्याला पालखी आणि मयत दोन्हींना खांदा द्यावा लागतो, तो आतला. मग तो कराचीहून आलेला असो की कॅलिफोर्नियाहून परत आलेला असो. आणि ज्याने समुद्र दिसतो म्हणून जागा घेतली, भिंत घातली, बोअर मारली, कुलूप लावले आणि भाव वाढण्याची वाट पाहत बसला, तो आमच्याच तालुक्यातला, आमच्याच आडनावाचा असला तरी बाहेरचा. कसेल त्याची जमीन हे जर खरे, तर राहील त्याचा किनारा हेही खरे मानायला हवे.

आमच्या गावी हे डोळ्यांनी दिसते. आमच्या वाडीच्या उत्तरेला जी वाडी होती ती आठ वर्षांपूर्वी विकली गेली. तिच्यातून समुद्रावर जाणारी पाखाडी होती. कोळणी त्या वाटेने मासळीच्या पाट्या आणत, आम्ही मुले अंघोळीला जात असू. आता तेथे फाटक आहे. वाट कोठेही नोंदलेली नव्हती. ती लोकांच्या पायांनी पडलेली होती. फाटक लागले आणि वाट संपली. भरती-ओहोटीमधली वाळू सरकारची, म्हणजे सर्वांची. पण तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे? मेक्सिकोत समुद्रकाठची वीस मीटर जागा राष्ट्राच्या मालकीची आहे, आणि किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट अडवणाऱ्या मालकाला जबर दंड करण्याची तरतूद २०२० साली तेथे झाली. आपल्याकडे १९९१ पासून सागरी किनारा नियमनाचे नियम आहेत. पूर्वी ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर हे अंतर पन्नास मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. रेघ पाण्याकडे सरकली की दलाल गावाकडे सरकतात, एवढे आम्हाला कळते.

आता दुसरी बाजू. हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहायला छान आहे. पण समुद्र बघून पोट भरत नाही." त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकले. आमच्या वाडीत दीडशेच्या वर पोफळी होत्या आणि बावीस माड. दुपारपर्यंत एकोणीस पोफळी आणि चार माड उभे होते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव मोठे, परंतु पोफळीचे रोप लावल्यापासून पीक हाती यायला सात-आठ वर्षे जातात. जी भरपाई मिळाली ती पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याच्या मजुरीलाही पुरली नाही. आजी आणि धाकटे काका यांनी पुन्हा रोपे लावली. परंतु ती फळाला येईपर्यंत खायचे काय, याचे उत्तर कोणत्या कलमात आहे? दलाल वादळानंतर गावात आले ते उगीच नाही. जेथे झाडे आडवी होतात तेथे किंमत बोलायला सोपे जाते.

तेव्हा जे कायदे घेणाऱ्याचे नाव तपासतात आणि विकणाऱ्याची अडचण तपासत नाहीत, ते अर्धेच कायदे आहेत. उलट त्यांच्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. घेणारे थोडे ठरवून दिल्यामुळे गरजू शेतकऱ्याला भाव कमी मिळतो; तो तुकडा 'शेतकरी' दाखलेवाला मधला माणूस स्वस्तात घेतो, बिनशेती करतो, आणि मग तोच तुकडा कितीतरी पटीने विकतो. संरक्षण शेतकऱ्याचे आणि फायदा मधल्याचा! बदलापूर ते कर्जत या पट्ट्यात 'निसर्गरम्य प्लॉट'च्या पाट्या लावणारे जे लोक आपण लोकलच्या खिडकीतून रोज पाहतो, त्यांच्या धंद्याचे मर्म हेच आहे.

आणखी एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे, कारण ती लपवली तर हा लेख खोटा होईल. 'राहील त्याचा किनारा' हे तत्त्व मानले, तर ते आधी आमच्याच अंगावर येते. वाडीत राहते कोण? आजी आणि काका. शिंपणे, बेणणे, सुपारी सोलणे हे करते कोण? आजी, काका आणि काकू. माझे वडील वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला जातात. मी तर मे महिन्यातली पाहुणी. सातबारावर वडिलांचे नाव आहे. परंतु चरीच्या शेतकऱ्यांनी ज्या मालकांविरुद्ध संप केला तेही जमिनीपासून दूर राहूनच हक्क सांगत नव्हते काय? अमेरिकेतल्या साहेबांना मी जो प्रश्न विचारते तोच आजी आम्हाला विचारू शकते. ती विचारत नाही, हा तिचा मोठेपणा. ती एवढेच म्हणाली, "बाय, तुमी सगली सही करा नायतर नको. मी मातूर हितनं उठायची नाय."

मग काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी सुचतात. पहिली, किनाऱ्यावरची शेतजमीन विकण्याऐवजी मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची सोपी, सरकारी नमुन्याची सोय हवी. मेक्सिकोच्या त्या विश्वस्त पद्धतीत एक शहाणपण आहेच, की उपभोग दिला तरी मूळ मालकी हातची सोडायची नाही. फरक एवढाच असावा की तेथे मालकी बँकेकडे राहते, आपल्याकडे ती शेतकऱ्याकडे राहावी. पाहुण्याला घर बांधून राहायचे आहे ना? खुशाल राहा, दरसाल भाडे द्या, मुदत संपली की पुन्हा बोलू. दुसरी, समुद्राकडे जाणारी प्रत्येक जुनी वाट ग्रामपंचायतीने आताच मोजून नोंदवून घ्यावी. फाटक लागल्यावर नोंदवायला काही उरत नाही. तिसरी, वादळानंतर काही काळ तरी जमिनीच्या विक्रीचा प्रत्येक व्यवहार ग्रामसभेपुढे वाचून दाखवल्याशिवाय पुरा होऊ नये. अडलेल्या माणसाची सही ही खरी सही नसते. आणि चौथी, भरपाई ही पडलेल्या झाडाची नव्हे तर गेलेल्या वर्षांची धरावी. सात वर्षांचे पीक गेले तर सात वर्षे जगण्याची सोय करावी, म्हणजे वाडी विकण्याची पाळीच येणार नाही.

यातली पहिली गोष्ट मी घरी बोलले. वडील म्हणाले, "भाड्याच्या पैशात बदलापूरला जागा येते काय?" येत नाही, हे मलाही दिसते. माझ्या शिक्षणासाठी, माझ्या नीट अभ्यासासाठी एक खोली हवी म्हणूनच तर त्यांना ती जागा घ्यायची आहे. म्हणजे ज्या वाडीच्या विक्रीविरुद्ध मी लिहिते आहे तिचे पैसे माझ्याच वाट्याला यायचे आहेत. या पेचातून सुटका कशी करावी हे मला अजून कळलेले नाही. परंतु बेनामी कागदावर सही करू नये, एवढे मात्र वडिलांना पटले आहे. "सरळ नावाने येऊ दे, मग बघू," असे त्यांनी दलालाला सांगितले. सरळ नावाने कोणी येणार नाही, हे दलालालाही ठाऊक आहे.

दलालाची गाडी अडली आहे ती मात्र निराळ्याच ठिकाणी. महाडच्या थोरल्या आत्याकडे. मुलींनी हक्कसोडपत्र द्यायचे असते, ही आमच्याकडची रीत. आत्या चौथी शिकलेली. तिला मी फोनवर सांगितले की आत्या, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आजोबांच्या मागे तुझाही हिस्सा काकांइतकाच आहे, आणि सातबारावर तुझे नाव आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझं नाव हाय त्यात? मंग मला आदी ती वाडी बगून येऊ दे." तिने अजून सही केलेली नाही.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांची गावे अशीच कोठे ना कोठे आहेत. कोणाची समुद्रकाठी, कोणाची घाटावर, कोणाची येथेच बारवीच्या खोऱ्यात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पत्र्याच्या पेटीत असे कागद आहेत, आणि ते वाचू शकणारे घरात आपणच पहिले आहोत. परीक्षेसाठी आपण घटना वाचतो, कलमे पाठ करतो आणि विसरतो. या सुट्टीत प्रत्येकाने एकच करावे. आपल्या गावचा सातबारा मागवावा, तो आई-वडिलांसमोर मोठ्याने वाचावा, आणि त्यावर जी नावे आहेत त्यांतली किती माणसे त्या जमिनीवर राहतात ते मोजावे. मी मोजली. पाचांपैकी दोन.